गृहपाठ व्हॉट्सअॅपवर नको : शाळेतली आणि घरातली उपकरणं

सत्तरीची_बाय

मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे, आज जरा सविस्तर लिहिते. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते, मराठी माध्यम, पट कमी त्यामुळे दोन-दोन वर्ग जोडून घ्यावे लागतात. विषय मोबाईल-टॅब-स्मार्ट टीव्हीचाच आहे पण 'मोबाईल चांगला की वाईट' ह्यावर मला बोलायचं नाही, त्याचा चोथा झालाय. माझं म्हणणं एकच, शाळांनी गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकायचं बंद करावं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आमच्या सत्तरीत, तिकडे सांग्यात, काणकोणात पोरं रेंजसाठी डोंगर चढून बसायची, पावसात छत्री धरून, आईबाप सोबत. तेव्हा ग्रुप नसता तर शाळा अशी काही उरलीच नसती. पण शाळा उघडल्या, फळा परत आला, खडू आला, आणि ग्रुप तसाच राहिला. उलट वाढला. आता उद्याचा अभ्यास ग्रुपवर, वर्कशीटची पीडीएफ ग्रुपवर, 'कविता म्हणतानाचा व्हिडिओ करून पाठवा' तेही ग्रुपवर.

घरात काय होतं ते बघा. फोन बाबांचा, तो सकाळी बाबांबरोबर पिसुर्लेला नाहीतर कुंडईला कारखान्यात जातो आणि काळोख पडल्यावर घरी येतो. तोपर्यंत पोराला उद्या काय करून न्यायचंय हेच माहीत नसतं. मग जेवणाच्या वेळी त्या एवढ्याशा स्क्रीनवरनं बोटांनी मोठं करून करून वहीत उतरवून घ्यायचं, एक ओळ लिहिली की वरून कसला तरी मेसेज टपकतो, दुसरी ओळ लिहिली की कुणाचं तरी स्टेटस, आणि अर्ध्या तासाने आई विचारते काय करतोस रे तर 'अभ्यास बघतोय'. आणि खरंच अभ्यास त्यातच असतो! फोन ठेव म्हणायची सोय आईला शाळेने ठेवलेली नाही. माझ्याकडे आया येऊन हेच सांगतात, बाई तुम्हीच दिलाय ना अभ्यास त्याच्यात.

वर्गातल्या टीव्हीविरुद्ध माझी अजिबात तक्रार नाही. मागच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी आम्ही माटोळीचा पाठ केला, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात ती. मुलांनी रानातनं, कुळागरातनं (सुपारीच्या बागेतनं) मिळेल ते आणलं, कांगणं, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा एक अख्खा घोस. प्रत्येकाचा मी फोटो काढला आणि वाड्यावरच्या एका आजींकडून एकेकाचं नाव आणि ते कुठे उगवतं, कशाला वापरतात हे त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतलं. मग वर्गातल्या टीव्हीवर एक फळ मोठ्ठं दिसतंय, आजींचा आवाज येतोय आणि पोरं हातातलं फळ उलटसुलट करून बघतायत. कवंडळ कापून आतला गर दाखवला तेव्हा टीव्हीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही, सगळी टेबलाभोवती. नंतर टीव्ही बंद करून सगळ्यांनी वहीत चित्र काढलं आणि नावं लिहिली. स्क्रीन एक, ती बाईंच्या हातात, काम ठरलेलं, आणि काम संपलं की बंद. ह्याच्या बाहेर प्राथमिकच्या पोराला शाळेच्या कामासाठी स्क्रीन लागत नाही असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे काय चित्र आहे? पालकांनी जरूर लिहा.

वेर्णा_शिफ्ट

बाई, अगदी मनातलं लिहिलंत. मी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी, घरात दोन मुलं, एक चौथीला एक सातवीला, दोघांचे ग्रुप वेगळे, प्रत्येक विषयाच्या मॅडम वेगळ्या आणि फोन एकच जो माझ्याकडे, बायकोचा साधा बटणांचा होता तो ह्या एका कारणासाठी बदलून स्मार्ट घ्यावा लागला, हप्त्याने. सेकंड शिफ्ट असली की मी रात्री उशिरा घरी, तेव्हा पोरं झोपलेली, सकाळी सातला उठून मी ग्रुप उघडतो तर 'उद्या पिवळा कार्डपेपर आणणे' असं रात्री साडेनऊला टाकलेलं. सकाळी सातला पिवळा कार्डपेपर आणू कुठून? पोरगी रडत बसमध्ये चढते कारण वर्गात उभं करणार.

शिक्षकांबद्दल राग नाही, त्यांनाही वरून सतराशे साठ गोष्टी भरायला सांगतात. पण हे थांबायला हवं.

दुसरी_बाजू

मी फोंड्याकडे माध्यमिकला कॉम्प्युटर शिकवतो. बाईंच्या तळमळीबद्दल आदर आहे पण सरसकट बंदला माझा विरोध.

एक म्हणजे ग्रुपमुळे पालकांना पहिल्यांदा कळायला लागलं की वर्गात काय चाललंय. डायरीत लिहून दिलेलं किती पालक बघायचे? डायऱ्या महिनोन् महिने सहीशिवाय परत यायच्या. दुसरं, आजारी मूल. पावसात ताप-खोकला, आठवडा आठवडा पोरं घरी असतात, त्यांनी काय करायचं? आणि गोव्याने ह्या बाबतीत मेहनत घेतलीय हे विसरू नका. पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरेज योजनेत अकरावीच्या मुलांना नाममात्र पैशांत कॉम्प्युटर मिळायचे, आमच्या वाड्यावर पहिला कॉम्प्युटर तसाच आला आणि तो बघायला अख्खा वाडा आला होता. त्यावर शिकलेली पोरं आज बाहेर नोकऱ्या करतायत. पुढे पाचवी-सहावीला टॅब वाटले. २०२१ पासून केअर्स योजनेत शाळांतून कोडिंग-रोबोटिक्स शिकवतात. आमच्याकडच्या एका मुलीने, जी वर्गात तोंडसुद्धा उघडत नाही, स्क्रॅचवर, म्हणजे मुलांच्या कोडिंगच्या सॉफ्टवेअरवर, वाहतुकीच्या सिग्नलचा खेळ केला आणि तो कसा चालतो ते सगळ्या वर्गासमोर उभं राहून समजावून सांगितलं. हे फळ्यावर झालं नसतं हो.

शहरातल्या पोराला ट्यूशन आहे, लायब्ररी आहे. खेड्यातल्या पोराला फोन आहे. त्याच्याकडून तोही काढून घेऊ नका एवढंच.

पाटो_वाचक

थोडी आकडेवारी टाकतो, कारण चर्चा अनुभवावर चाललीय ती चांगलीच आहे पण बाहेर काय दिसलंय तेही बघू.

पिसा २०२२ म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. भारत त्यात नव्हता. पण ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या गटात सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी उपकरणामुळे आपलं लक्ष उडतं. आणि ५९ टक्के म्हणाले की दुसऱ्याच्या उपकरणामुळे उडतं! म्हणजे माझा मुलगा फोन नेत नाही म्हणून मी निश्चिंत राहू शकत नाही, शेजारच्या बाकावरचा आणतोय ना. आता त्याच अहवालात हेही आहे की शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासभरापर्यंत उपकरण वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते. त्यामुळे दोघांनाही आपापल्या बाजूचं काहीतरी मिळतं, पण मला त्यातून बाईंचं म्हणणं जास्त पटतं, थोडं आणि शिकवण्यापुरतं.

आपल्याकडचं बघायचं तर असर २०२४ हा शिक्षणाचा सर्व्हे, ग्रामीण भारत, १४ ते १६ वयाची मुलं. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन आहे. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

स्वीडनचं उदाहरण तर फार बोलकं आहे. शाळांत स्क्रीन सगळ्यात उत्साहाने आणणाऱ्यांत तो देश होता आणि २०२३ मध्ये त्यांच्या सरकारने गाडी वळवली, छापील पुस्तकं परत आणायला एका वर्षात ६८.५ कोटी क्रोनर ठेवले. फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरापर्यंतच्या मुलांना शाळेत फोन बंद केला. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून वर्गातून काढला. हे सगळे श्रीमंत देश आहेत, त्यांना उपकरणं परवडत नाहीत म्हणून काढलेली नाहीत.

सत्तरीची_बाय

@पाटो_वाचक धन्यवाद, ५७ आणि ७६ हे आकडे मी पालकसभेत फळ्यावर लिहिणार आहे.

@दुसरी_बाजू सर, तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून फार बरं वाटलं. पण बघा ना, ती स्क्रॅच शाळेच्या लॅबमध्ये शिकली, समोर तुम्ही होतात, अडली तर विचारायला माणूस होतं, तास संपला की उठली. तेच मी म्हणतेय. तिला ती पीडीएफ रात्री आईच्या फोनवर पाठवली असती तर खेळ झाला असता का? खेड्यातल्या पोराकडे फोन आहे असं तुम्ही म्हणता, पण तो त्याच्याकडे नाहीये, तो घराकडे आहे, त्यावर बँक आहे, बाबांचा सुपरवायझर आहे, मामाचे व्हिडिओ कॉल आहेत, आणि ह्या गर्दीत कुठेतरी अभ्यास.

आबा_पेडणे

नमस्कार. मी निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे तालुका. वय झालं पण धागे वाचतो, अक्षर मोठं करून. त्यासाठी ह्या यंत्राचे उपकारच आहेत, मोतीबिंदूनंतर वर्तमानपत्राचा बारीक टाईप वाचवेना तेव्हा फोननेच वाचन टिकवलं.

मुद्दा अक्षराचा आहे. चाळीसेक मुलांच्या वह्या तपासल्या की मूल कुठे अडलंय ते अक्षरावरूनच दिसायचं. आकडा खोडून पुन्हा लिहिला असेल तर हातच्याला अडलंय, ऱ्हस्व-दीर्घ सारखं सारखं चुकत असेल तर ऐकण्यात घोळ आहे. मूल चुकलं कसं हे वहीत राहतं. पर्यायावर टिचकी मारून पाठवलेल्या उत्तरात फक्त चूक की बरोबर तेवढंच येतं, आणि त्यावर शिक्षकाने शिकवायचं काय? नातवाच्या शाळेतला सगळा सराव आता असाच ऑनलाईन आहे, गुण चांगले येतात पण तीन अंकी भागाकार कागदावर मांडायला सांगितला तर पाचव्या मिनिटाला पेन्सिल खाली ठेवतो.

अवांतर, पण लिहितो. पणजीला पाटोवर आपली कृष्णदास शामा ग्रंथालयाची इमारत आहे, संस्था १८३२ ची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. तिथे जुनी गोमंतकीय वर्तमानपत्रं आता संगणकावर बघता येतात. मूळ कागदाला हात लावला तर तुकडा पडेल अशी अवस्था. उपकरण कशासाठी असावं ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मुलांना तिथे एकदा घेऊन जा.

म्हापशेकरीण

हा धागा वाचून राहवलं नाही, पहिल्यांदाच लिहितेय.

माझी मुलगी सहावीत आहे, तिला खूप कमी दिसतं. तिच्यासाठी टॅब म्हणजे पुस्तक, फळा, वही सगळं तेच. पान मोठं करते, काळ्यावर पांढरी अक्षरं करते, डोळे दमले की वाचून घेते, मराठी आवाजात. ह्या टॅबच्या आधी तिला शेजारची मुलगी फळ्यावरचं वाचून दाखवायची आणि ती मुलगी गैरहजर असली की माझ्या मुलीचा तो दिवस फुकट. त्यामुळे 'वर्गात उपकरणं बंद' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. एका शाळेत आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की नियम सगळ्यांना सारखा, टॅब चालणार नाही, मग दुसरी शाळा बघावी लागली. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, त्यात अशा सोयी द्याव्यात असं आहे, पण प्रत्येक वेळी आईने कायदा हातात घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जायचं का?

आणि गंमत म्हणजे व्हॉट्सअॅपच्या गृहपाठाचा सगळ्यात जास्त त्रास आम्हालाच. कारण शिक्षक काय करतात तर फळ्याचा फोटो काढून टाकतात. नाहीतर हाताने लिहिलेल्या कागदाचा. फोटोतलं ते वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही, ते नुसतं 'चित्र' म्हणून पुढे जातं. मोठं केलं तर फुटतं. तेच जर चार ओळी टाईप करून टाकल्या, साध्या युनिकोड मराठीत (फोनवर टाईप होते तीच, कुठल्याही यंत्राला वाचता येणारी), तर ती स्वतः ऐकू शकते, माझ्याशिवाय. पीडीएफचंही तेच, काही पीडीएफमध्ये जुना फॉण्ट असतो तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं वाचली जातात.

तेव्हा बाई, तुमच्या मागणीला माझा पाठिंबा आहे पण त्यात आमच्या मुलांसाठी जागा ठेवा. ती एक ओळ नसली तर उद्या तुमच्याच ठरावाचा कागद दाखवून आम्हाला बाहेर काढतील.

सत्तरीची_बाय

@म्हापशेकरीण ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. ओळ असणार, आणि ती शेवटी कुठेतरी नाही, पहिलीच असणार. फोटोचं तर किती साधं आहे, टाईप करायला शिक्षकाला फोटोपेक्षा दोन मिनिटं जास्त. माझ्या वर्गात असं मूल नाही पण पुढच्या वर्षी येऊ शकतं.

घुमटवाला

मी कॉलेजला आहे, केपे. शाळेतलं मोठे लोक बोलतायत, मी घराबाहेरचं सांगतो.

घुमट, म्हणजे आमचं मातीच्या मडक्याचं वाद्य, मी अर्धा यूट्यूबवर शिकलो हे खरं आहे. व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावायचा, वाजवणाऱ्याचा डावा हात घुमटाचं तोंड कधी उघडतो कधी झाकतो ते बघायचं, परत मागे न्यायचं, परत बघायचं. आमच्या वाड्यावरचे मामा एकच बोल दहादा वाजवून दाखवायला कंटाळायचे, व्हिडिओ कंटाळत नाही. पण चवथीला पहिल्यांदा आरतीला बसलो तेव्हा लय धरताच येईना, कारण समोर शामेळवाला (शामेळ म्हणजे काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) त्या दिवशी जरा वेगात होता, कांसाळं म्हणजे झांजा वाजवणारा पोरगा नवीन आणि गाणारे काका मध्येच एक कडवं परत घेतात. व्हिडिओ तुमच्यासाठी कधी वेग बदलत नाही. ते सांभाळायचं मामांच्या शेजारी बसूनच आलं, त्यांनी गुडघ्यावर थाप मारून मारून आणलं.

घुमट २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, चांगली गोष्ट, आणि रील्समुळे पोरं परत वाजवायला लागली हेही मान्य. फक्त आता आरतीला पाच जण वाजवतात आणि पंधरा जण फोन वर धरून शूट करतात. पूर्वी ते पंधरा जण निदान मागून म्हणायचे तरी. आमच्या मंडळाने ह्या वर्षी सांगितलंय, एकाने शूट करायचं आणि ग्रुपवर टाकायचं, बाकीच्यांनी आरती म्हणायची. सुरुवातीला कुरकूर झाली पण आवाज केवढा वाढला!

वेर्णा_शिफ्ट

घुमटवाल्याचा 'एकाने शूट करायचं' हा नियम आवडला.

घरचं म्हणाल तर फोन घरातून काढता येत नाही हे मान्य करूनच चालावं लागतं. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात मिरची-हळद विकणारीकडे पण क्यूआर आहे, माझी हजेरी अॅपवर, लाईट बिल फोनवर. पण मोठ्यांनीही सांभाळायला हवं. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात माणूस दिसला, 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॉल कट करायचा नाही', आजोबा दुपारभर खोलीत बसून राहिले घाबरून, जेवले पण नाहीत. अशी अटक कायद्यातच नाही. मुलगा वेळेवर आला म्हणून पैसे वाचले. घरातल्या म्हाताऱ्यांना १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर फोनमध्ये सेव्ह करून द्या, आणि नुसता सेव्ह नाही, मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवा कारण त्या वेळी फोन त्या चोरांनीच अडवलेला असतो.

बाकी आम्ही एवढंच करतो की जेवताना दोघांचेही फोन बैठकीत चार्जिंगला, आणि दोघांचे म्हणजे आमचे मोठ्यांचे. पोरांना नुसतं सांगून ऐकत नाहीत, माझा तिथे असला तर आपोआप विषय संपतो.

दुसरी_बाजू

आबांचा वहीचा मुद्दा मला लागला. आमच्याकडेही ऑनलाईन चाचणीत नुसते गुण येतात, मूल कुठे अडलं ते मला परत तोंडी विचारावं लागतं. तरीही बाई, आजारी मुलाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

आणि एक, शाळेतल्या उपकरणांचीही अवस्था बघा. मला माहीत असलेल्या एका शाळेत भिंतीवरचा मोठा डिजिटल फळा पहिल्याच पावसात वीज पडून गेला, दुरुस्तीला माणूस यायला चवथ उलटली. खर्च विकत घेण्यावर होतो, सांभाळण्यावर नाही. 'स्क्रीन शाळेत हवी, घरी नको' म्हणायचं तर शाळेतली चालू तरी हवी.

सत्तरीची_बाय

@दुसरी_बाजू शंभर टक्के. आमच्याकडे पावसात लाईट गेली की दिवस-दिवस येत नाही. म्हणून मी माझा पाठ कधी टीव्हीवर अवलंबून ठेवत नाही, टीव्ही चालला तर तासाला भर, नाही चालला तर तास अडत नाही.

आजारी मुलाबद्दल. त्याच्या घरी तेवढ्यापुरतं पाठवायचं, त्याच्या एकट्याच्या पालकाला, टाईप करून, आणि संध्याकाळी सहाच्या आत. वीस घरांना रोज पाठवायची गरज त्यातून येत नाही. बाकीच्यांना गृहपाठ शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं फळ्यावर, मुलांनी स्वतः वहीत उतरवून घ्यायचा. आणि गृहपाठ असा, की तो करायला घरी फोन लागता कामा नये. 'आजोबांना विचारून पाच झाडांची नावं लिही' चालेल, 'व्हिडिओ बघून उत्तर लिही' नाही. व्हिडिओ बघायचा तर तो आम्ही वर्गात दाखवू.

ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही. सुट्टी, पाऊस, बस उशिरा येणार, सभा, हे त्यावर येऊ दे. पिवळा कार्डपेपर मात्र दोन दिवस आधी, वहीत.

पालकसभेत मांडायला मसुदा केलाय. पहिली ओळ : ज्या मुलाला शिकण्यासाठी उपकरणाची गरज आहे त्याला ते वर्गात आणि घरी वापरता येईल आणि त्याला लागणारा मजकूर शिक्षक टाईप करून देतील. त्याखाली वरचं सगळं. कुणाला काही सुचवायचं असेल तर सभेच्या आधी लिहा.

म्हापशेकरीण

'युनिकोडमध्ये' हा शब्द घाला बाई, नाहीतर जुन्या फॉण्टात टाईप करतील. आणि बोलून टाईप करता येतं हे पुष्कळ शिक्षकांना माहीतच नसतं, कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोललं की उमटतं, मग फक्त चुका सुधारायच्या.

दुसरी_बाजू

ते शिकवायला मी येऊ शकतो. वाळपईला कुठल्या तरी शाळेत शनिवारी दुपारी जमवा, आजूबाजूच्या चार-पाच शाळांचे शिक्षक आले तरी पुरे, तासाभराचं काम आहे. माध्यमिकला ग्रुपवरचा अभ्यास पूर्ण बंद करावा हे मला अजून पटलेलं नाही, नववी-दहावीच्या मुलाला स्वतः वेळ आखून काम करायला शिकवायचं असेल तर ते कधीतरी सुरू करावंच लागेल, ह्यावर आपण वेगळा धागा काढू. पण प्राथमिकपुरता तुमचा मसुदा आमच्या शेजारच्या शाळेतही देतो. सहाच्या आत हे मात्र दोन्हीकडे ठेवा, शिक्षकालाही घर असतं.

सत्तरीची_बाय

युनिकोड घातलं. सर, चवथीच्या सुट्टीआधीचा शनिवार चालेल का? मी इथल्या शाळांना विचारते आणि परवा इथेच कळवते. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा सगळ्यांना फोन चार्ज करून आणायला सांगेन.